फ्लॉरेन्समधला सत्कार

आमचे इवाई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी मानेकडे पाहत. ओळख करून दिलेला माणूस हात पुढे करून उभा असायचा आणि यांची नजर त्याच्या कॉलरपाशी अडकलेली असायची. तो गेला की माझ्या कानाशी लागून सांगायचे, "बारीक मान आहे हो. वजनदार हार झेपत नाई अशायले." जगात माणसांचे किती प्रकार असतात, हे मी पुस्तकांतून शोधत होतो. इवायांच्या लेखी तीनच होते : बारीक मान, जाड मान आणि मान नसलेले. तिसरा प्रकार राजकारणात जास्त आढळतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

इवाई म्हणजे व्याही. माझ्या मुलीचे सासरे. आमच्या वऱ्हाडात या नात्याची अडचण अशी, की त्या माणसावर रागावण्याची सोय नसते. भावावर रागावता येतं, बायकोवर रागावून पाहता येतं. पण मुलीच्या सासऱ्यावर काढलेला राग फिरून मुलीच्याच स्वयंपाकघरात जाऊन पोचतो. त्यामुळे लग्नाच्या दिवसापासून मी त्यांच्याशी जे हसत आलो, ते हसणं हळूहळू माझ्या चेहऱ्याला चिकटूनच बसलं. फोटोत मी आनंदी दिसतो त्याचं कारण एवढंच आहे.

अकोल्याच्या फूलबाजारात त्यांचं हारांचं दुकान होतं. झेंडू आणि शेवंती घरच्या शेतातली, गुलाब बाहेरून येणारा. गावात कोणाची निवड झाली, बदली झाली, कोणी दहावीत पहिला आला की पहिली खबर या दुकानात पोचायची. हारांच्या लांबीबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. "प्रमुख पाहुण्याचा बेंबीवरी, अध्यक्षाचा गुडघ्यावरी, अन् मंडपाचे पैसे ज्यानं देल्ले त्याचा जमिनीले टेकला पाह्यजे." हे सांगताना ते हसत नसत. माझं हसू मात्र खरं असायचं, आणि त्याचा त्यांना राग यायचा.

कारण सत्कार या प्रकाराशी माझं कधी जमलं नाही. मी अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. नोकरीच्या काळात इतके सत्कार पाहिले, की माझी एक व्याख्याच तयार झाली : एकमेकांशी बोलण्यासारखं काही नसलेले दोन लोक तिसऱ्याच्या कॅमेऱ्याकडे पाहत उभे राहतात, तो सत्कार. निवृत्त झालो त्या दिवशी मी सरळ रजा टाकून घरी बसलो. इवायांना हे कळलं तेव्हा ते अकोल्याहून मुद्दाम भेटायला आले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "बिना हाराचे घरी आले? मंग कॉलेजाले समजलं कसं, तुमी गेले म्हणून?"

इटलीची सहल मुलीनं आणि जावयानं चौघांसाठी ठरवली होती. दोन्हीकडचे आईबाप एकत्र फिरतील, प्रेम वाढेल, अशी त्यांची भाबडी कल्पना. निघायच्या तोंडावर विहीणबाईंचे गुडघे आखडले. त्यांच्या सोबतीला कोणीतरी हवं, असं माझ्या बायकोच्या तत्परतेनं लक्षात आलं. दोघी आमच्या अमरावतीच्या घरी राहिल्या. फोनवरच्या त्यांच्या आवाजावरून पाहता, आयुष्यात त्या इतक्या सुखात कधी नव्हत्या. उरलो मी आणि इवाई. मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं, "बाबा, त्यांना काही बोलू नका हं. ते मनाला लावून घेतात."

मला इटलीत एकच गोष्ट पाहायची होती. फ्लॉरेन्समध्ये एक जुना मठ आहे. त्याचा जिना चढून वर गेलं की समोरच्या भिंतीवर एक चित्र आहे. देवदूत मेरीला बातमी सांगायला आला आहे : तुला मुलगा होणार, तो देवाचा असेल. दूत तिच्यापुढे वाकलेला आहे, आणि तीही त्याच्यापुढे वाकलेली आहे. दोघांचे हात छातीशी घडी केलेले. त्या दोघांशिवाय चित्रात कोणी नाही. उजेड आहे, शांतता आहे, डावीकडे एक छोटी बाग आहे. बस. हे चित्र मी नोकरीभर एका पुस्तकातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या काळपट छायाचित्रावरून शिकवलं. मागच्या बाकावरच्या मुलांना ते दोन डाग दिसत असणार. मला एकदा त्याच्यासमोर उभं राहायचं होतं, म्हणजे इतकी वर्षं आपण खोटं शिकवलं नाही याची खात्री झाली असती. सहल कंपनीच्या कार्यक्रमात ते नव्हतंच. त्या जागी चामड्याच्या पट्ट्यांचं दुकान होतं. टूर मॅनेजर ही ठाण्याची एक हुशार मुलगी. तिची मनधरणी करून मी फ्लॉरेन्समधली एक सकाळ मोकळी मिळवली, दोन तिकिटं काढली. मठ दुपारी लवकर बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी आमची बस व्हेनिसला निघणार होती. म्हणजे तीच एक सकाळ. हे मी इवायांना विमानात सांगितलं, रोममध्ये सांगितलं, पिसाच्या वाटेवरही सांगितलं. दर वेळी ते म्हणाले, "पाहू नं. पळून चाललं का ते?"

त्यांनी सोबत एक निळी पिशवी घेतली होती. तिच्यात जरीकाठाचे दुपट्टे, ठोक भावानं घेतलेले, आणि नारळ. फुलं नेता येत नाहीत हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. नारळाबद्दल सांगितलं नव्हतं. नागपूरच्या विमानतळावर सगळे नारळ बाहेर निघाले. तपासणाऱ्या जवानाशी ते वाद घालत होते, "श्रीफळ आहे, साहेब. श्रीफळानं कोण विमान पाडते?" शेवटी त्या जवानाचाच दुपट्टा घालून सत्कार करायला निघाले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.

रोममध्ये पहिला मान मिळाला बसच्या ड्रायव्हरला. त्यानं यांची बॅग उचलून खाली ठेवली होती.

"ते त्याचं कामच आहे," मी म्हणालो.

"काम तं सगळेच करतात. हा उचलताना हासला."

श्रीफळाऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानातून संत्री घेतली. आधी एक स्वतः सोलून खाल्लं आणि निकाल दिला, "रंग आहे. पण आपल्या शेंदूरजनाघाटच्या संत्र्याची सर नाई." मग ड्रायव्हरच्या गळ्यात दुपट्टा, हातात संत्रं. ड्रायव्हरनं तिथल्या तिथे ते सोलून तोंडात टाकलं. इवायांना ते लागलं. "श्रीफळ असं उभ्या उभ्या खाते का कोणी?"

फोटो काढण्याचं काम माझ्याकडे आलं. न मागता, न विचारता. "इवाई, काढा लवकर. फोटो नसला तं सत्कार झाला कोणी म्हणावं?" मग तो फोटो लगेच अकोल्याच्या दुकानात पाठवायचा. हॉटेलातला नाश्ता वाढणारा, आमच्या बसला हात दाखवून जागा करून देणारा एक रस्ता झाडणारा, स्वच्छतागृहाच्या दाराशी बसलेली बाई, सगळ्यांचे फोटो मी काढले. ज्या प्रकारापासून आयुष्यभर पळालो, त्याचा मी परदेशात अधिकृत छायाचित्रकार झालो होतो. मुलीचा मेसेज यायचा, 'बाबा, किती छान जमलंय तुमचं दोघांचं!'

कोलोसियममध्ये गाईड माणसांच्या आणि सिंहांच्या झुंजी सांगत होता. लोक हळहळत होते. इवायांनी एकच प्रश्न विचारला, "मंच कुठंसा होता?" सम्राटाची बसायची जागा दाखवल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली. "बराबर आहे. सावलीत." बाहेर आल्यावर एक भलीमोठी दगडी कमान लागली. ही कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी बेसावधपणे सांगून गेलो, की सम्राट लढाई जिंकला म्हणून त्याच्या गौरवासाठी बांधली.

"म्हणजे सत्कारच!"

"तसं नाही..."

"तसंच आहे. तुमी म्हणता सत्कार फालतू. हे पाहा, यायनं दगडाचा केला. अजून पडला नाई." मग एका पुतळ्याच्या डोक्यावरच्या पानांच्या मुकुटाकडे पाहून म्हणाले, "हार डोक्यावर घातला, अन् तोही नुसत्या पानायचा. खर्च वाचवला लेकायनं." रोमन साम्राज्याबद्दल इतके ग्रंथ वाचले, पण मला माझ्याच विषयात कोणी असं कोंडीत पकडलं नव्हतं. मी चिडून पुढे चालू लागलो. मागून आवाज आला, "इवाई, हळू! फोटो राह्यला!"

अखेर फ्लॉरेन्सची ती सकाळ उजाडली. चामड्याच्या दुकानाला न जाता आम्ही दोघं निघालो. वेळ भरपूर होता. मोठ्या घुमटाच्या चर्चसमोरचा चौक ओलांडला की मठ चालण्याच्या अंतरावर. मी त्यांना पिशवी हॉटेलात ठेवायला सांगितली होती. ती त्यांच्या खांद्यावर होती. चौकात आल्यावर म्हणाले, "जरा टेकू द्या." बाकावर एक म्हातारा परदेशी प्रवासी बसला होता. इवायांचे पांढरे केस पाहून तो उठला आणि जागा दिली. झालं. मी म्हणालो, "इवाई, नको." पण पिशवीची चेन उघडली गेली होती.

इटलीतल्या चौकांमध्ये लोकांच्या मनगटात दोरे बांधून मग पैसे उकळणारी टोळकी फिरतात. प्रत्येक प्रवाशाला त्यांची धास्ती असते. त्या म्हाताऱ्यालाही असणार. गळ्यात अचानक जरीचं कापड पडताच तो दचकला, त्यानं ते ओढून काढलं आणि "नो, नो, नो!" म्हणत मागे सरकला. इवायांनी हसत हसत ते पुन्हा घातलं. त्यानं पुन्हा काढलं. हे पुन्हा घालायला गेले.

"अहो, तो नको म्हणतोय!"

"नाई म्हणनच! चांगला माणूस एका बारीत हो म्हणते का कधी? आग्रह करा लागते." आणि म्हाताऱ्याला, "घ्या हो बाप्पा, घ्या. लाजता काहून?"

सत्कारमूर्तीनं आधी नको नको म्हणायचं आणि चार जणांनी धरून त्याला स्टेजवर आणायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. तो फ्लॉरेन्सच्या पोलिसांना माहीत नव्हता. दोन पोलीस आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांना दिसलं ते असं : उघडी पिशवी, आत एकसारख्या कापडांचा ढीग, आणि एक इसम घाबरलेल्या प्रवाशाच्या गळ्यात माल टाकतो आहे. परवाना आहे का, असं बाईनं इंग्रजीत विचारलं.

मी इंग्रजीत खुलासा सुरू केला. हा विक्रेता नाही. हा माझ्या मुलीचा सासरा आहे. हा लोकांचा सन्मान करतो.

"अनोळखी लोकांचा?"

"हो."

"का?"

"ते हसले तर," मी म्हणालो. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"आणि पैसे?"

"पैसे घेत नाही."

बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं, तो अविश्वास मला चांगला ओळखीचा होता. वर्षानुवर्षं मी तसाच चेहरा करून सभागृहात बसत आलो होतो. पण त्या क्षणी मला तिचा राग आला. मी तावातावानं तिला सांगू लागलो, की आमच्याकडे माणसाला रिकाम्या गळ्यानं परत पाठवत नाहीत, ही फार जुनी, फार सुंदर रीत आहे. माझ्या तोंडून हे वाक्य निघतं आहे याचं मलाच नवल वाटत होतं. तिकडे घड्याळ पळत होतं. इवायांनी माझी बाही ओढली. "तुमी जा तुमच्या चित्राले. मी यायच्यासंग बसतो." त्यांना इटालियन येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, हिंदी बोलले तरी ती वऱ्हाडीच वाटायची. त्यांना तिथे सोडून मी चित्र पाहायला गेलो असतो, तर परत जाऊन मुलीला कोणतं तोंड दाखवलं असतं? मी हललो नाही.

शेवटी पोलीस बाई म्हणाली, "मग दाखवा. कसा सन्मान करता ते दाखवा."

"काय म्हणते?" इवायांनी विचारलं.

"करून दाखवा म्हणते."

"कोणावर?" असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या मानेवर येऊन थांबली.

दुसरा उपाय नव्हता. मी उभा राहिलो. मला वाटलं, दोन मिनिटांत आटपेल. पण इवाई काही बिनभाषणाचा सत्कार करणारे नव्हते. त्यांनी घसा साफ केला.

"आजच्या या कार्यक्रमाले हजर असलेल्या पोलीस बाई, पोलीस भाऊ, अन् बाकावरचे पाहुणे," त्यांनी सुरुवात केली. म्हातारा प्रवासी खरोखर थांबला होता. "हे आमचे इवाई. अमरावतीले प्रोफेसर होते. यायनं जलमात कोणाचा हार घेतला नाई. अन् मी हाराचा धंदेवाला. मले असा माणूस परवडन कसा?"

"इवाई, आवरा. मठ बंद होईल."

"मधात बोलू नका, सत्कार चालू आहे. तं यायची पोरगी आमच्या घरी आली. पह्यले आमच्या घरी जेवताना टीव्ही चाले. आता नातू वाचून दाखवते अन् आमी आयकतो. आमच्या बाईले सही येत नोती, ते आता पेपरातलं भविष्य वाचून मले सकाळीच भेव दाखवते. हे कोणामुळं? पोरीमुळं. पोरगी कोणामुळं? यायच्यामुळं. पण हा माणूस कुठं बोलला नाई. मी लोकायले रोज हार विकतो, त्यातल्या अर्ध्यायचं काय काम आहे, मले ठाऊक नाई. यायचं ठाऊक आहे."

चर्चचा घंटानाद सुरू झाला. भाषण चालूच होतं. मी खाली मान घालून उभा होतो. एक तर त्यांना घालायला सोपं जावं म्हणून, आणि दुसरं, वर पाहणं मला जमत नव्हतं. दुपट्टा गळ्यात पडला. हातात संत्रं आलं. पोलिसांनी टाळ्या वाजवल्या. इवायांनी आपला फोन पोलीस बाईच्या हातात दिला आणि खुणेनं फोटो काढायला लावला. मघाचा म्हातारा पुढे आला आणि आपलीही मान पुढे केली. चौकात पुन्हा पिशवी उघडायची नाही, एवढ्या तंबीवर आम्ही सुटलो.

मी धावलो. इवाईही मागून धावले. मठाचं दार बंद होत होतं. आतल्या माणसानं तिकिटं पाहिली, घड्याळाकडे बोट केलं, खांदे उडवले आणि दार लावलं.

मुलीनं बजावलेलं पाळायचं तर न बोलणं हाच एक मार्ग होता. इवाई बंद दाराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमी याच्यासाठीच आलते का इटलीले?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"किती वेळा सांगितलं, इवाई!"

"तसं नाई. जोरात सांगा लागते. मले वाटलं, तिकीट काढलं म्हणून जाऊन राह्यले." ते दारासमोरच्या पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाले, "काय आहे त्या चित्रात? सांगा."

राग एवढा होता, की मी सांगितलं. पायरीवर बसून पूर्ण तास घेतला. दूत, मेरी, दोघांचं वाकणं, हातांच्या घड्या, भिंतीवरचा उजेड, बाग. वर्गात मुलांनी जे कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही, ते सगळं सांगितलं. इवाई मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे आक्रितच. शेवटी विचारलं, "पोरीच्या घरचे कुठं आहेत?"

"घरचे नाहीत. ती एकटी आहे."

"एकट्या पोरीले एवढी मोठी बातमी सांगतली? अन् मायबाप कुठं गेलते?"

नोकरीभर हा प्रश्न कोणत्याही पेपरात आला नव्हता. मी वैतागून म्हणालो, "मला काय माहीत! चला, बाकीचे वाट पाहत असतील."

व्हेनिसमध्ये त्यांनी पिशवी उघडली नाही. नावाड्यानं चक्क हात धरून त्यांना नावेत बसवलं, हसून बसवलं, तरी नाही. मला बरं वाटायला हवं होतं. नावेत बसून मी वाट पाहत राहिलो, की आता म्हणतील, इवाई, फोटो काढा. ते पाण्याकडे पाहत होते.

गेल्या हिवाळ्यात इवाई गेले. सकाळी दुकान उघडून बसले आणि बसल्या जागीच गेले. मी अकोल्याला पोचलो तेव्हा घरासमोर फूलबाजारातली माणसं गोळा झाली होती. त्यांच्या शेजारच्या दुकानाचा मालक माझ्याजवळ आला. मला निरखून पाहिलं.

"तुमीच का ते अमरावतीचे इवाई? इटलीवाले?"

मी हो म्हणालो.

"ते चित्र सांगत आमाले. दुकान बंद कराच्या येळेले बसलो का निघेच. देवाचा दूत वाकला आहे, पोरगी वाकली आहे, हात असे छातीशी." त्यानं हात करून दाखवले, अगदी बरोबर. "लय झ्याक सांगत. आमी म्हणो, तुमाले एवढं समजलं कसं? तं म्हणत, आपल्याले काय दिसलं असतं बाप्पा, इवायानं दाखवलं."

त्याला आणखी विचारायचं होतं.

"अन् मांगं दारात त्या पोरीचे मायबाप उभे आहेत म्हणत. आहेत नं हो?"

याहून लहान चुकांसाठी मी आयुष्यभर मुलांचे मार्क कापले होते.

"आहेत," मी म्हणालो. "डावीकडे. बागेच्या बाजूला."